दमाचा चौक

फाइल मोठी केली की आवाज सुधारतो, अशी आमच्या तालुक्यात पक्की समजूत आहे, आणि प्रतापदादा थोरात त्या समजुतीचे तहहयात अध्यक्ष आहेत.

"आधी एमपीथ्री हुती, मी तिची वेव्ह केली," प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलावर जुनापुराणा पेनड्राइव्ह ठेवत ते म्हणाले. "दहापट झालीया फाइल. आता बग आबांचा आवाज कसा उठतोय."

"दादा, पातेलं मोठं घेतलं म्हणून दूध वाढतं का?"

"वाढत न्हाई. पण उतू बी जात न्हाई," दादा म्हणाले आणि स्वतःच मिशीत हसले.

प्रतापदादा म्हणजे शाहीर रंगराव थोरातांचे चिरंजीव. शाहिरांना जाऊन चाळीस वर्षं व्हायला आली, तरी वारणाकाठी त्यांचा 'नावाड्यांचा पोवाडा' लागला नाही अशी जत्रा होत नाही. पुरात बुडालेलं गाव नावाड्यांनी बाहेर काढलं त्याचा हा पोवाडा, आणि त्यातला 'दमाचा चौक' हा तुकडा शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे:

नाव लोटली, लाट फोडली, दोर सोडला, गाठ जोडली,
पोरं काढली, थोरं काढली, माळवदावरनं म्हातारी काढली,
गोठ्यामधली गाभण काढली…

असं करत करत चौक मिनिटभराच्या पुढे जातो, आणि शाहिरांनी तो एका दमात म्हटला होता, मध्ये कुठेही श्वास न घेता. त्यावर जत्रेत अजून पैजा लागतात. गडी लालबुंद होतात, डोळे बाहेर येतात आणि गाभण गाईपाशी खोकत खाली बसतात. खुद्द प्रतापदादांना ती गाय आजवर ओलांडता आलेली नाही.

मूळ कॅसेट महापुरात गेली. पुराचाच पोवाडा पुरानं नेला. त्याआधी कुणाकुणी आपापल्या परीनं तिच्या एमपीथ्री करून ठेवल्या होत्या, तेवढ्या उरल्या. पुढच्या महिन्यात शाहिरांची जन्मशताब्दी होती आणि दादांना तो पोवाडा मैदानावर अस्सल आवाजात वाजवायचा होता.

"गाळलेलं परत आणायची विद्या तुमी काढलीया म्हणं," दादा म्हणाले. "मग आणा की."

काढली होती, हे खरं. ती काय होती ते सांगते.

गाण्याची फाइल लहान करायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत गाण्याची नुसती घडी घालतात. उलगडलं की होतं तसं. अशा एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात ते कितीदाही न्या, कण हलत नाही. दुसरी रीत एमपीथ्रीची. तिला आपल्या कानाची खोड ठाऊक आहे. मोठ्या आवाजाला लागून बारीक आवाज आला तर कानाला तो कळत नाही. डफ वाजत असताना शेजारच्यानं सुस्कारा सोडला तर आपल्याला पत्ता लागत नाही. मग ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला, म्हणून ती ते टाकून देते आणि उरलेल्याचे आकडे ढोबळ करून ठेवते. पुढे तुम्ही त्या फाइलीची वेव्ह करा नाहीतर ती सोन्याच्या डबीत ठेवा, टाकलेलं परत येत नाही.

मधल्या काळात हुशार यंत्रं आली. ती गेलेल्या जागी काहीतरी सुंदर भरून देत. ऐकायला गोड, पण त्या दिवशी तसं वाजलेलं नसे. माझी वरिष्ठ, डॉ. शिरीन मुजावर, हिला त्याची भयंकर चीड. "ही दुरुस्ती नव्हे, ही थाप आहे," म्हणायची. तिनं वेगळी वाट धरली. ढोबळ आकडा खोटं बोलत नाही. मूळ आकडा इथपासून इथपर्यंत कुठेतरी होता, एवढं तो सांगतो. असे कोट्यवधी आकडे एकत्र घ्यायचे. त्यात तारेचे, कातड्याचे, माणसाच्या घशाचे, मोकळ्या मैदानाचे नियम घालायचे, कारण कुठलीही तार नियम सोडून वाजत नाही. शिवाय तेच गाणं दहा जणांनी दहा तऱ्हांनी लहान केलं असेल, तर प्रत्येकानं वेगळं काहीतरी टाकलेलं असतं. एकानं टाकलेलं दुसऱ्याकडे सापडतं. ह्या सगळ्यांशी एकदम जुळेल असा मूळ आवाज एकच उरला, तर यंत्र तो देतं. नाही उरला तर 'माहीत नाही' असं म्हणून जागा कोरी सोडतं. अनुदानाच्या कागदावर ह्याला भारदस्त नाव होतं. आम्ही 'उलटी चाळण' म्हणायचो.

आता माझं सांगते. मला ह्या कामात रस होता तो शाहिरांमुळे नव्हे. त्या पोवाड्यात शाहिरांच्या पाठीशी उभं राहून तुणतुणं वाजवणारे आणि झील धरणारे हिंदुराव पाटोळे म्हणजे माझे अण्णा. शाहिरानं ओळ टाकली की मागच्यानं ती उचलायची, 'जी जी रं जी' करत पुढे ढकलायची, ह्याला झील म्हणतात. अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं तेच केलं. दोन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्रच काढून टाकलं. आता अण्णा गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेतात. त्यावर आई रोज धुतलेला पातळ पांढरा रुमाल बांधते.

बोलायला त्यांना बोलपट्टी मिळाली. हनुवटीखाली चिकटवायची. तोंड आणि मान हलेल तसे शब्द ओळखून ती मोठ्यानं बोलते. शब्द अण्णांचे, बोली अण्णांची, पण आवाज कंपनीचा, कुणा शहरी तरुणाचा, बातम्या दिल्यासारखा गुळगुळीत. पहिल्याच दिवशी गोठ्यात जाऊन अण्णा "चंद्रे, सर की मागं" म्हणाले, तर म्हशीनं दावं तोडलं. आई पदर तोंडाला लावून हसली आणि मग आत जाऊन रडली. अण्णांनी पट्टी काढली आणि तुणतुण्याच्या खुंटीला अडकवली. तेव्हापासून अण्णा फोनवर चार अक्षरं टाइप करायचे, नाहीतर हातवारे.

त्या पट्टीत आपला स्वतःचा आवाज भरता येतो. जुन्या आवाजाचा चार-पाच मिनिटांचा स्वच्छ नमुना मात्र लागतो, आणि आमच्याकडे तो नव्हता. लग्नाच्या व्हिडिओत अण्णा वाढपी, वाढदिवसाच्या व्हिडिओत फोन धरणारे. ते होते फक्त त्या पोवाड्यात, शाहिरांच्या आवाजाखाली. दादांना शताब्दीला त्यांचे आबा हवे होते आणि मला माझ्या अण्णांचा आवाज हवा होता.

आम्ही तालुकाभर निरोप धाडला: नावाड्यांचा पोवाडा ज्याच्याकडे असेल त्यानं पाठवावा, असेल तसा, खराब असला तरी. आणि इथेच घोळ झाला. आमची माणसं पाहुण्याला फाटकी सतरंजी घालत नाहीत. शाहिरांचा पोवाडा कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत जायचा म्हटल्यावर प्रत्येकानं तो आधी साफ केला. कुणी फाइल मोठी केली, कुणी खरखर काढली, कुणाला झांज जास्त वाटली म्हणून त्यानं ती कमी केली. एका डीजेवाल्यानं खालून ठेका घालून पाठवला आणि वर 'आपली सेवा' असं लिहिलं. आम्हाला हवा होता तो सगळा पुरावा धुऊनपुसून लख्ख.

शिरीननं कपाळाला हात लावला. "अगं, सांग त्यांना, मला मळकंच पाहिजे."

मग मी आणि प्रतापदादा जीप घेऊन गावोगाव फिरलो. दादा प्रत्येक सोप्यात बसून, चहा घेऊन, हात जोडून म्हणायचे, "अंघोळ घातलेला नको. पारोसा द्या." लोकांना ते बरोबर कळलं. एका टेम्पोवाल्यानं डॅशबोर्डच्या फटीतून मेमरी कार्ड उकरून काढलं. न्हाव्याच्या दुकानातला जुना म्युझिक प्लेअर मिळाला. एका आजीबाईंनी देवघराच्या खणातून नवऱ्याचा बंद पडलेला मोबाइल दिला. त्यात रिंगटोन म्हणून दमाचा चौक होता. "वाजला तर मला आधी ऐकवा," त्या म्हणाल्या. जितकी कॉपी भिकार तितकी शिरीन खूश.

यंत्रानं आठवडाभर दळलं. मग एका दुपारी शिरीननं मला हाक मारली, हेडफोन माझ्या डोक्यावर बसवला आणि स्वतः खुर्चीच्या दांडीला धरून उभी राहिली.

आधी झांज आली. एमपीथ्रीला झांज कधी पेलत नाही. जुन्या सगळ्या फायलींत ती पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी खळखळायची. आता काशाच्या झांजेचा काठ काठाला लागला तो मला लागलेला कळला, आणि त्यानंतरची थरथर विरत विरत गेली ती शेवटपर्यंत ऐकू आली. तुणतुण्याच्या प्रत्येक टणत्काराआधी पूर्वी एक फिसकट आवाज यायचा, तो गेला. तार छेडली, एवढंच उरलं. मागे जत्रा होती. कुणीतरी "खाली बसा की रं" म्हणत होतं. फुगेवाल्याची पिपाणी होती. एक मूल रडायला लागलं आणि आईनं त्याला थोपटलं, तेही होतं. मी जन्मायच्या आधीची ती संध्याकाळ, आणि मी तिच्या मधोमध उभी होते. शिरीन विचारत होती, "पिपाणी ऐकलीस? पिपाणी ऐकलीस?" मग आम्ही दोघींनी भडंगाचं अख्खं पाकीट संपवलं आणि पोवाडा पुन्हा पहिल्यापासून लावला.

पण अण्णा कुठेच नव्हते.

यंत्रानं डफ वेगळा काढला, झांज काढली, तुणतुणं काढलं. गळा मात्र एकच दिला. 'जी जी रं जी'ला दोन माणसं आहेत हे कळत होतं, पण दोघांचा मिळून एक गोळा झालेला. खाली शेरा होता: दुसरा आवाज, माहीत नाही.

"दोन गळे ओळखायला यंत्राला काहीतरी फरक लागतो," शिरीन म्हणाली. "तुझ्या वडलांनी फरकच ठेवला नाहीये. सूर तोच, तोंडाचा आ तेवढाच, घोगरेपणासुद्धा तोच."

बरोबरच होतं. झील शाहिराच्या आवाजात मुरली पाहिजे, वेगळी ऐकू आली तर ती झील कच्ची, असं अण्णाच सांगायचे. आता त्यांची ती हुशारी माझ्या मुळावर आली होती. मी चिडले, आणि चिडलेली मी सरळ माळवाडीला घरी गेले. निदान अण्णांना झांज तरी ऐकवावी म्हणून स्पीकर सोबत नेला.

अण्णा सोप्यात पाटावर बसले. पोवाडा सुरू झाला आणि त्यांचं बोट मांडीवर तार छेडायला लागलं. आई दारात येऊन टेकली. मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होते, पण नजर खाली गळ्यावरच्या रुमालाकडे गेली. शाहीर ओळ म्हणत असताना रुमाल आत ओढला जात होता. ओळ संपली की फुगून हलकेच बाहेर येत होता. अण्णा गात होते. आवाज नव्हता, पण श्वास त्यांच्या झीलेचा होता. चाळीस-पन्नास वर्षांची सवय, छाती विसरली नव्हती.

मग दमाचा चौक लागला. इथे झील नाही. इथे शाहीर एकटे, एका दमात. रुमाल शांत राहायला हवा होता. 'लाट फोडली'ला तो आत गेला आणि 'पोरं काढली'ला बाहेर आला. मग पुन्हा आत. 'गाभण काढली'ला लांबवर बाहेर.

मी पोवाडा थांबवला. "अण्णा, हितं तुम्ही म्हणताय?"

अण्णांनी रुमालावर हात ठेवला आणि गोठ्याकडे बघायला लागले.

मी तशीच अंगणात जाऊन शिरीनला फोन लावला. "शिरीन, एकाच वेळी श्वास आत घेता येतो आणि गाताही येतं, असा माणूस आहे का?"

"नाही."

"मग ओळीच्या मध्ये शाहिरांचा श्वास शोध. चौकात शोध. आपण यंत्राला सांगितलंय की एका ओळीत एकच गळा. ते काढून टाक. दोन गळे आलटून पालटून असतील असं सांग."

पलीकडे कीबोर्ड वाजायला लागला. "तू फोन ठेव," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा पडद्यावर ते उलगडून ठेवलेलं होतं. 'पोरं काढली' ह्या शब्दांखाली, सगळ्या कॉपींनी निरुपयोगी म्हणून टाकलेला, पण प्रत्येकीत चुकून चिमूटभर उरलेला एक आवाज होता: शाहीर घाईघाईनं श्वास आत घेत होते, आणि शेवटाला छातीतून एक बारीक शिट्टी येत होती. म्हणजे त्या क्षणी गाणारा गळा शाहिरांचा असूच शकत नव्हता. अख्ख्या पोवाड्यात शाहीर जिथे जिथे श्वास घेत होते, तिथे तिथे ओळ दुसऱ्याच्या खांद्यावर होती. शिरीननं ते सगळे तुकडे जोडून एकापुढे एक लावले आणि बटण दाबलं.

अण्णा होते. शाळा सुटल्यावर बांधावरून मला हाक मारणारे, पुढच्या दातांतून जरा वारा जाणारे माझे अण्णा. मी टेबलावर डोकं ठेवून रडले आणि रडता रडता हसत होते. शिरीननं मला पाणी दिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत स्वच्छ तुकडे दमाच्या चौकातलेच होते.

त्याच दिवशी मी नमुना बोलपट्टीच्या कंपनीकडे पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: हा आवाज कै. शाहीर रंगराव थोरात यांच्या नावे नोंदलेला आहे.

खोट्या आवाजात फोन करून माणसं लुबाडायचं पेव फुटलं, तेव्हापासून आवाजाची नोंदणी सक्तीची झाली आहे. नोंद ज्याच्या नावावर, त्याच्याच यंत्रात तो आवाज भरता येतो. दादांनी वडलांचा आवाज मागेच नोंदवला होता, आणि नमुना म्हणून दिला होता कुठला, तर दमाचा चौक. त्या एमपीथ्रीत दोघांचा मिळून एकच गळा झालेला, तो सरकारदरबारी शाहिरांचा ठरला होता. आता दोन वाटा होत्या. एक म्हणजे वारसानं, म्हणजे दादांनी, नोंद दुरुस्त करून द्यायची. दुसरी, आम्ही पुराव्यासकट जाहीर हरकत घ्यायची.

"हरकत घेऊ," घरी येऊन मी म्हणाले. "पुरावा आपल्याकडे आहे."

अण्णांनी मान हलवली. नाही.

"का नाही?"

अण्णा उठले. खुंटीवरची पट्टी काढली, पुसली आणि कितीतरी महिन्यांनी हनुवटीखाली लावली. "आबास्नी छातीचा तरास हुता," तो शहरी तरुण बोलायला लागला. "ओळ तुटाय लागली की मी उचलायचो. लोकास्नी वाटलं एका दमात म्हटला. आबा कवा तसं म्हणालं न्हाईत, मी बी न्हाई. आता प्रताप त्येच्यावर उभा हाय."

इतकं जड बोलणं, आणि आवाज हवामानाचा अंदाज सांगितल्यासारखा. मला ते सहन होईना. "जन्मभर त्यांच्या मागं उभं राहिलासा. आता स्वतःचा आवाजबी मागून घ्यायचा व्हय?"

"मागं उभं ऱ्हायाची मला कुणी सक्ती केली न्हवती," तरुण म्हणाला. अण्णांचे डोळे मात्र भरले होते. "हरकत न्हाई घ्यायाची. प्रतापला इचार. त्यो न्हाई म्हटला, तर पट्टी ऱ्हाऊंदे खुंटीला."

पट्टी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. वाद संपला होता.

प्रतापदादांच्या गावात कमानीपासून फ्लेक्स लागले होते: 'एका दमाचा शाहीर, जन्मशताब्दी सोहळा'. घरात काचेच्या पेटीत शाहिरांचा फेटा होता. दादांनी जमखाना अंथरला, दारं लावून घेतली आणि "लाव" म्हणाले. झांज आली तशी त्यांनी मांडीवर थाप मारली. पिपाणी आली तेव्हा ते लहान पोरासारखे हसले. त्या दिवशी त्यांनीही तसलीच पिपाणी घेतली होती म्हणे. मग मी त्यांना चौकाचं सगळं सांगितलं.

दादांचा चेहरा उतरला. "म्हंजे माझा बाप खोटा?"

"तसं नाही दादा."

"मग कसं? भाईर फ्लेक्स बगितलंस न्हवं? पोरं पैजा लावत्यात. मी आयुष्यभर हेच सांगत आलोय." ते उठून येरझाऱ्या घालायला लागले. "आनि तुजी मशीन कशावरनं खरी? भरलं आसंल तिनं मनाचं. म्हण की, हिंदूनानाचा आवाज पायजे म्हणून काढलाय तुमी."

माझ्याकडे उत्तरं होती. आकडे होते, आलेख होते. त्या माणसापुढे ते काढायची मला लाज वाटली. मी फक्त पुरावा लावला. त्यात गाणं नव्हतं, डफ नव्हता. गाळून बाजूला काढलेला, शाहिरांचा आत जाणारा श्वास आणि त्याच्या शेवटाची शिट्टी, एवढंच होतं.

दादा चालता चालता थांबले.

"परत लाव."

मी लावला. ते खाली बसले. चौकातले सगळे श्वास मी एकामागून एक लावले, आणि दादांनी डोळे मिटले.

"मी आबांच्या कुशीत झोपायचो," ते म्हणाले. "ही शिट्टी वाजतीया तवर आबा हायत, असं समजून झोप लागायची. थांबली की दचकून उठायचो." त्यांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. "चाळीस वर्सं त्येंचं गाणं ऐकतोय गं मी. ह्ये न्हवतं त्यात."

"होतं दादा. ऐकू येणार नाही म्हणून गाळलं होतं."

दादांनी उठून फेट्याच्या पेटीवर हात ठेवला. मग म्हणाले, "नोंद दुरुस्त करायला कुठं अंगठा लावायचा ते दाव. आनि वैजू, ह्यो श्वास मला येगळा काढून दे. बारीक करू नगंस. मोठ्यात मोठी फाइल दे."

"जसाच्या तसा देते दादा. कण हलणार नाही."

"तरीबी पातेलं मोठंच दे," ते म्हणाले, आणि ह्या वेळी मी त्यांना काही शिकवायला गेले नाही.

शताब्दीच्या आदल्या दिवशी पट्टीत आवाज भरून आला. अण्णांनी ती लावली आणि एक शब्द बोलले नाहीत. आईनं चहा पुढे करून विचारलं, चंद्रीपुढे नेऊन उभं केलं, तरी नाही. आई माझ्याकडे बघायची, मी आईकडे. शिरीननं मला आधीच बजावलं होतं की पट्टी बोलते, गात नाही, आणि बोलतेही निमिषभर उशिरानं.

मैदान भरलं होतं. संध्याकाळच्या उन्हात दादांनी पोवाडा लावला, आणि झांज निघाली तशी पुढे बसलेली म्हातारी माणसं ताठ झाली. रिंगटोनवाल्या आजीबाई माझ्याच रांगेत होत्या. चौक यायच्या आधी दादांनी यंत्र बंद करायला लावलं. हातात डफ घेतला.

"ह्यो चौक मी म्हणणार हाय," ते म्हणाले.

मैदान हसलं. "दादा, गाय सांभाळा," मागून कुणीतरी ओरडलं.

"गाय सांभाळणारा येगळाच हाय," दादा म्हणाले आणि खाली वळले. "हिंदूनाना, मागं या. आबांच्या मागं हुता तसं."

अण्णा तुणतुणं घेऊन वर गेले. पांढरा रुमाल, वर हनुवटीखाली पट्टी. दादांच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले. चौक डफाच्या ठेक्यावर बोलल्यासारखाच म्हणतात, पण पट्टी मागे पडली तर सगळ्या तालुक्यासमोर पडणार होती.

डफ कडाडला. नाव लोटली, लाट फोडली. दादांनी दोर सोडला, गाठ जोडली, पोरं काढली. माळवदावरच्या म्हातारीपाशी त्यांची मान फुगली, चेहरा लाल झाला. मी अण्णांच्या रुमालाकडे बघत होते. दादांची ओळ अजून चालू होती तेव्हाच तो आत ओढला गेला, आणि ओठ वेळेच्या जरा आधीच हलले. उशीर करणाऱ्या यंत्राला अण्णांनी आधीच ओळखलं होतं.

"गोठ्यामधली गाभण काढली," अण्णा म्हणाले.

त्यांच्या आवाजात, पुढच्या दातांतून वारा जाणाऱ्या. डफाचा एक ठोकाही चुकला नाही. ओळ दादांच्या तोंडून सुटली आणि खाली न पडता अण्णांकडे गेली. शेजारच्या आजीबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. पाठ असलेली ती ओळ मैदान आजवर शाहिरांची म्हणून ऐकत आलं होतं, आणि आता ती ज्याची होती त्याच्याकडे सगळ्यांच्या माना वळल्या. मागची पोरं उभी राहिली. अण्णा थांबले नाहीत. 'उभं शिवार पाण्याखाली, उभा नावाडी पाण्यावरी,' ते चौक पुढे नेत राहिले.

आणि त्यांच्या पुढे उभ्या प्रतापदादांनी डफ वाजवता वाजवता, अख्ख्या मैदानाला दिसेल असा, निवांत श्वास घेतला.